शेंडेनक्षत्रावरचं न शिजणारं अंडं

शनिवारची सकाळची शाळा सुटली की आमच्या डोंगरकडा गावातली दहा-बारा मुलं माझ्या ओसरीवर येऊन बसतात. मी त्यांना एखादी कादंबरी तुकड्यातुकड्यानं सांगतो. गेल्या महिन्यात ज्यूल व्हर्नची 1877 सालची एक चमत्कारिक कादंबरी चालू होती. अल्जीरियाच्या किनाऱ्यावर मुक्कामाला असलेला सर्व्हादाक नावाचा फ्रेंच कप्तान आणि त्याचा शिपाई एका रात्री प्रचंड हादऱ्यानं बेशुद्ध पडतात. शुद्धीवर येऊन बघतात तर सूर्य पश्चिमेला उगवलेला. सहा तासांत तो मावळतोही. साधी उडी मारली तरी माणूस कुठल्या कुठं उंच जातोय. शिपाई अंडी उकडायला ठेवतो. पाणी भराभर उकळतं, नेहमीचा वेळ होतो, पण अंडी कच्चीच. इथं मी थांबलो आणि म्हणालो, "बाकीचं पुढच्या शनिवारी."

सोमवारी सकाळी सहावीतली एक मुलगी शाळेला जाता जाता दारात उभी. दप्तर पाठीवर, चेहरा गंभीर. "सर, कामून शिजलं नाही ते अंडं? पाणी तर उकळत होतं ना?"

मी तिला उत्तर दिलं नाही. घरी कुकर आहे का, एवढंच विचारलं, आणि त्यात डाळ लवकर का शिजते ते शोधून यायला सांगितलं. बुधवारी ती आली ती अर्धं उत्तर घेऊनच. कुकरमध्ये वाफ कोंडते, दाब वाढतो. त्या दाबाखाली पाणी 100 अंशांना न उकळता 120 अंशांच्या आसपास जातं, म्हणून डाळ लवकर शिजते. मग आम्ही दोघांनी ते उलटं करून पाहिलं. दाब वाढायच्या ऐवजी कमी झाला तर? लेह समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटर उंच आहे. तिथं हवा विरळ, म्हणून पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. व्हर्नच्या कप्तानाच्या तापमापीवर आकडा दिसतो 66. पाण्याला बुडबुडे येतात, पण अंडं शिजवायला पुरेल एवढी धग त्यात नसते. म्हणजे भोवतालची हवाच विरळ झाली आहे. हवा विरळ, अंग हलकं, दिवस अर्ध्यावर आलेला. एवढं जुळवल्यावर ती मुलगी स्वतःच म्हणाली, "मग ते पृथ्वीवर नाहीतच."

नाहीतच. एक धूमकेतू पृथ्वीला घासून गेला आणि जाताना जमिनीचे तुकडे माणसांसकट घेऊन गेला. लेखक हे पहिल्या पानावर सांगत नाही. तो अंडं कच्चं ठेवतो आणि वाचणाऱ्याला विचार करायला सोडतो.

मुलांसाठीच्या कादंबऱ्यांविषयी मला जे म्हणायचं आहे ते या अंड्यापासूनच सुरू होतं. पाचवी ते आठवीतल्या चलाख मुलाला आपण सहसा सोपं पुस्तक देतो: शब्द सोपे, वाक्यं छोटी, शेवटी तात्पर्य. पण या वयातलं हुशार मूल सोप्याला लवकर कंटाळतं. त्याला विचित्र काहीतरी हवं असतं, आणि तो विचित्रपणा नियमानं चालणारा हवा असतो. काहीही कधीही घडतंय म्हटलं की त्याचं मन उडतं. जगाचा एकच नियम बदलून बाकीचं सगळं त्या बदलाला धरून नीट चालत असलं, तर मात्र ते झोपेतसुद्धा त्या जगात राहतं. खेळाचे नियम काटेकोर पाळणारी हीच तर मुलं. लगोरीत कुणी चुकीचा गडी बाद धरला तर गल्ली डोक्यावर घेतात.

खेड्यातल्या मुलांच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. मराठीतली बरीचशी बालपुस्तकं शहरातल्या घरात घडतात. सोसायटीचा वॉचमन, लिफ्ट, संध्याकाळचा क्लास, सुटीतलं शिबिर. आमच्याकडे नांदेड-हिंगोली रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा आहेत, हळदीचे वाफे आहेत. इथल्या मुलाला ती पुस्तकं कळतात, पण त्यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी त्याला मनातल्या मनात थोडं थांबावं लागतं. शेजारच्या बाकावर पुण्याचा मुलगा बसला असता तर तो न थांबता पुढं गेला असता. धूमकेतूवर मात्र दोघंही सारखेच परके. तिथं लिफ्ट कुणालाच नाही. पुण्याच्या मुलाला जे माहीत नाही ते डोंगरकड्याच्या मुलालाही माहीत नाही, आणि दोघांजवळ हत्यार एकच: आपली अक्कल. म्हणून मी मुलांना वाचायला द्यायच्या पेटीत पुस्तकं भरताना मुद्दाम अशी तऱ्हेवाईक पुस्तकं शोधत असतो.

व्हर्नची ही कादंबरी भा. रा. भागवतांनी मराठीत आणली आणि तिला नाव दिलं 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. या दोन शब्दांवर मी मुलांबरोबर एक पूर्ण शनिवार घालवला आहे. धूमकेतू हा पुस्तकातला शब्द. शेंडेनक्षत्र हा आजीचा, आकाशात शेंडी सोडून निघालेल्या ताऱ्याचा. आणि त्याच्या आधी 'मुक्काम'. आमची मुलं वहीच्या पहिल्या पानावर लिहितात, मुक्काम पोस्ट डोंगरकडा, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. तसाच हाही पत्ता. पोस्टमन पोहोचणार नाही एवढाच फरक. परकी कादंबरी आपल्या ओसरीवर कशी बसवायची याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

भागवत (1910–2001) हा माणूसच या सगळ्या विषयाच्या मध्यभागी बसलेला आहे. 'बालमित्र' हे मुलांचं मासिक त्यांनी पदरमोड करून चालवलं. व्हर्नच्या 'समुद्रसैतान', 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा' अशा कादंबऱ्या मराठीत आणल्या. आणि बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे हा हडकुळा, सायकलवेडा, जिभेनं 'टॉक्' असा आवाज काढणारा पोरगा मराठीला दिला. फास्टर फेणेची वीस पुस्तकं आहेत. तो शिकायला पुण्यात असला तरी गाव फुरसुंगी, हे मी मुलांना आवर्जून सांगतो. फेणेच्या गोष्टींत चमत्कार नाहीत. त्यांचा वेगळेपणा नकाशात आहे. प्रतापगड, गुलमर्ग, आगरताळा, चीनच्या युद्धाच्या काळातली सरहद्द. देशात जिथं काही घडतं तिथं हा पोरगा सायकल घेऊन पोहोचलेला असतो. आमच्याकडे एका मुलानं भिंतीवरच्या नकाशावर फेणेच्या प्रवासाच्या टाचण्या टोचल्या. भूगोलाच्या तासाला त्याला आगरताळा शोधायला कधी सांगावं लागलं नाही.

भागवतांचा दुसरा नायक कमी लोकांना आठवतो, पण चलाख वाचकांसाठी तो अधिक जवळचा आहे. बिपिन बुकलवार. पुस्तकांचं वेड असलेला मुलगा, आणि ते वेडच त्याला रहस्यं सोडवायला उपयोगी पडतं. हे आडनाव वाचून पुण्या-मुंबईचा वाचक हसतो आणि पुढं जातो. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या पट्ट्यात मात्र उत्तरवार, येरावार, कोत्तावार अशी आडनावं घरोघरी आहेत. बुकलवार आमच्या मुलांना खरंच वाटतं. एकानं तर विचारलं होतं, "सर, हे कुठले, हदगावचे का?"

विज्ञानाच्या बाजूनं जयंत नारळीकर आहेत. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी फिरवून केलेलं हे टोपणनाव. नामवंत शास्त्रज्ञ म्हणून कुणी बक्षीस देऊ नये, हा त्यामागचा हेतू. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. मुलांना ही हकिकत सांगितली की ती लगेच आपापल्या नावांची अक्षरं उलटी करून बघतात, आणि पुढचा अर्धा तास वर्गात कुणी कुणाला ओळखत नाही. नारळीकरांच्या कादंबऱ्यांपैकी सातवी-आठवीच्या मुलांना मी 'वामन परत न आला' देतो. जमिनीच्या पोटात खोलवर एक पेटारा सापडतो. आपल्या आधी इथं नांदून गेलेल्या एका प्रगत संस्कृतीनं तो ठेवलेला असतो. एक पदार्थवैज्ञानिक, एक पुरातत्त्वज्ञ आणि एक संगणकतज्ज्ञ मिळून त्याचा अर्थ लावतात, आणि त्यातल्या माहितीवरून एक यंत्रमानव तयार होतो. पुढचं सांगत नाही. ही कादंबरी 1980च्या दशकातली आहे. आज खिशातल्या फोनला प्रश्न विचारून उत्तर घेणारी मुलं ती वाचतात तेव्हा त्यांचे प्रश्न माझ्या पिढीपेक्षा वेगळे असतात. वामनला काय हवं होतं, असं ती विचारतात. आम्ही विचारायचो, वामन कसा चालतो.

आता एका पुस्तकाबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे, कारण ते मुलांचं म्हणून कुणी लिहिलेलं नाही. व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर'. 1983 साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. या छोट्या कादंबरीत माणूस जवळजवळ नाही. सगळी पात्रं वानरं. एका टोळीवर एका नराची सत्ता असते, बाहेरचे नर ती उलथतात, आणि नवा नर टोळीतली पिल्लं मारतो. हे वाचताना पोटात कालवतं, म्हणून बारा वर्षांखालच्या मुलाच्या हाती मी ते देत नाही. देतो तेव्हाही आधी बोलतो. पण ही क्रूरता लेखकाच्या मनातून आलेली नाही. जपानचे युकिमारू सुगियामा यांनी 1960च्या दशकात धारवाडजवळच्या रानात वानरांचा अभ्यास करताना टोळीबदलानंतर पिल्लं मारली जाताना नोंदवली. पुढं अमेरिकेच्या सारा हर्डी यांनी अबूच्या डोंगरात तेच बारकाईनं अभ्यासलं. पिल्लू गेलं की आई लवकर पुन्हा माजावर येते आणि नव्या नराला स्वतःची संतती वाढवता येते, असा त्याचा उलगडा त्यांनी मांडला. केळीच्या बागेत शिरलेली वानरं हाकलणं हे आमच्या मुलांचं रोजचं काम. 'सत्तांतर' वाचलेला आठवीतला एक मुलगा त्यानंतर वानरांना दगड मारण्याआधी थोडा वेळ नुसता बघत उभा राहायला लागला. टोळीत मोठा नर कोणता, पिल्लं किती, कोण कुणाच्या मागं चालतंय. त्याच्या बापाला हे आवडलं नाही. मला फार आवडलं.

प्राणी बोलतात अशी पुस्तकं मुबलक आहेत. वानराला वानरच ठेवून त्याच्या नजरेनं जग दाखवणारी फार थोडी.

विचित्रपणा घटनांतच असावा लागतो असं नाही, तो आवाजातही असतो. प्रकाश नारायण संतांचा लंपन बेळगावकडचा, आजी-आजोबांजवळ वाढणारा मुलगा. 1994 साली 'वनवास' आलं, मग 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर'. यातल्या कथा मोठ्यांसाठी म्हणून छापल्या गेल्या, तरी अकरा-बारा वर्षांची मुलं त्या वाचून खळखळून हसताना मी पाहिली आहेत. लंपनची भाषा कानडीच्या शेजारी वाढलेली, आणि त्याच्या डोक्यात विचार एकावर एक अशा उड्या मारतात की मुलांना तो आपल्याच वर्गातला वाटतो. आमच्याकडच्या मराठीला तेलुगू आणि दखनी उर्दूचा शेजार. आपलं बोलणं अशुद्ध म्हणून ज्याला कायम टोकलं जातं त्या मुलाला लंपन वाचायला दिला की छापील पुस्तकात अशीही मराठी असते हे त्याला पहिल्यांदा कळतं. धारवाडच्या जी. ए. कुलकर्णींची 'बखर बिम्मची' याच रांगेत बसते. मोठ्यांसाठी अत्यंत गडद कथा लिहिणाऱ्या या लेखकानं एका छोट्या मुलाच्या जगाची बखर लिहावी, आणि त्या जगात पशुपक्ष्यांनी इतक्या सहज बोलावं, हे मला अजूनही आश्चर्याचं वाटतं.

नवीन काही लिहिलं जातंय का? साहित्य अकादमीनं 2010 पासून बालसाहित्याला वेगळा पुरस्कार द्यायला सुरुवात केली. मराठीची यादी घेऊन मी मोजलं. 2025 पर्यंतच्या सोळा वर्षांत एका कादंबरीसाठी म्हणून तो पाच वेळा दिला गेला. बाकी वेळा समग्र योगदान, कथा आणि कविता. 2025चा मान नांदेडच्या सुरेश सावंत यांच्या 'आभाळमाया' या कवितासंग्रहाला मिळाला, तेव्हा आमच्याकडे सगळ्यांना घरचं कार्य असल्यासारखा आनंद झाला. त्या पाच कादंबऱ्यांतल्या तीन माझ्या पेटीत आहेत. संगीता बर्वे यांची 'पियूची वही' रोजनिशीच्या रूपात उलगडते, आणि ती वाचून झाल्यावर दोन मुलींनी शंभर पानी वह्या मागितल्या. जालन्यात जन्मलेल्या भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला' इतकी फिरली की तिची शिवण उसवली. आणि ल. म. कडू यांची 'खारीच्या वाटा', धरणापायी गाव सोडावं लागणाऱ्या मुलाची. इसापूर धरणाच्या पाण्यावर आमच्या भागातली केळी उभी आहे. त्या धरणाच्या पोटातही गावं गेली. ती कादंबरी इथं मोठ्यांनीही वाचली, आणि वाचून झाल्यावर पुष्कळ वेळ कुणी बोललं नाही.

पाच ही संख्या मला कमी वाटते. त्यातही पूर्णपणे वेड्या जगाची, शब्दांशी आणि तर्काशी खेळणारी कादंबरी अगदीच विरळा. इंग्रजीत अशी परंपरा 'ॲलिस'पासून, म्हणजे 1865 पासून चालत आली. देवदत्त नारायण टिळकांनी ॲलिसला मराठीत आणताना ती 'जाई' झाली, 'जाईची नवलकहाणी'. अमेरिकेतल्या नॉर्टन जस्टर यांच्या 1961 सालच्या 'द फँटम टोलबूथ'मध्ये मायलो नावाच्या कंटाळलेल्या मुलाला घरी एक टोलनाका मिळतो, आणि तो ओलांडून तो अशा देशात जातो जिथं वाक्प्रचार खरे होतात. असं पुस्तक शब्दाला शब्द ठेवून भाषांतरित करताच येत नाही. ते मराठीत पुन्हा घडवावं लागेल, आणि आपल्याजवळ सामान काय कमी आहे? मी मुलांना एकदा विचारलं, आपले वाक्प्रचार खरे झाले तर काय होईल? हरभऱ्याच्या झाडावर चढवलेला माणूस, आणि हरभरा तर गुडघ्याएवढाच. त्यावर चढायचा म्हणजे माणूस केवढा असेल? तोंडचं पाणी पळालं तर ते कुठं जातं, आणि त्याला पकडायला कुणी धावतं का? कुणी कुणाला पाण्यात पाहत असेल तर आटलेल्या विहिरीच्या गावात भांडणं होतच नसतील. हे शेवटचं एका पाचवीतल्या मुलाचं. मी ते लिहून ठेवलं आहे. या पोरांतलं कुणीतरी पुढं ती कादंबरी लिहावी असं मला मनापासून वाटतं.

तोवर आहे ते पोहोचवणं एवढं तरी हातात आहे. बालभारतीचं 'किशोर' मासिक नोव्हेंबर 1971 मध्ये सुरू झालं. त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात, आणि पिढ्यान्पिढ्यांच्या लेखकांनी त्यात मुलांसाठी लिहिलेलं आहे. घरात एक फोन असला तरी हे उघडता येतं. सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या रहस्यकथा अशोक जैन यांनी मराठीत आणल्या आहेत. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी अनुवादित केलेलं 'तोत्तोचान' नॅशनल बुक ट्रस्टनं काढलेलं. जुन्या पुस्तकांच्या दुकानात अनिल हवालदारांनी मॉस्कोत बसून मराठीत केलेल्या 'देनिसच्या गोष्टी' कुठं दिसल्या तर भाव न करता उचलाव्यात. कागद जाड, चित्रं सुरेख, आणि देनिस एकदम वाह्यात.

पालक विचारतात, परीक्षेत याचे मार्क किती? कळमनुरी तालुक्यातल्या नांदापूरला 15 जुलै 1932 रोजी जन्मलेल्या एका मुलाचं उदाहरण मी त्यांना देतो. अभ्यासक्रमाबाहेरचं त्याचं वाचन अफाट होतं, आणि इंटरच्या परीक्षेत तो एकापेक्षा अधिक वेळा नापास झाला. पुढं तो नांदेडच्या पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला. नरहर कुरुंदकर हे नाव ऐकल्यावर जुनी माणसं मान डोलावतात. तरुण बापांना ते सांगावं लागतं, मग मी सांगतो.

शेंडेनक्षत्राची गोष्ट गेल्या शनिवारी संपली. धूमकेतूवरची माणसं घरी परततात की नाही, ते सांगून झालं, मुलं उठली, चपला शोधायला लागली. ती सहावीतली मुलगी मात्र बसूनच होती. आपल्या गावाचा तुकडा असाच उडाला तर विहीर बरोबर येईल का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, जमिनीचा तुकडा खोल असेल तर येईल. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आन् दिवस सहाच तासाचा झाल्यावर, मोटरीला लाइट आठ तास कुठून देतील, सर?"

त्याचं गणित आम्ही पुढच्या शनिवारी मांडणार आहोत.